रुळाचे दुखणे

आगगाडी म्हटली की सर्वांची नजर इंजिनाकडे जाते. रुळाकडे कोणी पाहत नाही. पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांतही इंजिन मोठे, डौलदार असते आणि रूळ म्हणजे खाली ओढलेल्या दोन रेघा. जमिनीवर पडलेले लोखंड ते. त्याने पडून राहायचे, एवढेच त्याचे काम, अशी आपली समजूत असते. पण गाडी सुरळीत चालणे म्हणजे काय, हे मला समजले ते एका नऊ मिलिमीटर रुंदीच्या रेल्वेमुळे, आणि ती रेल्वे आमच्या कवठे येमाईत एका खाटेखाली आहे.

कवठ्याला खरी रेल्वे नाही. शिरूर तालुक्यातून ती कोठूनच जात नाही. पुणे-दौंड मार्ग गावापासून पुष्कळ दूर, दक्षिणेला आहे. गावाची ओळख येमाई देवीच्या देवळाची आणि तमाशाची. लोकगीते आणि वगनाट्ये लिहिणारे बी. के. मोमीन कवठेकर याच गावचे. अशा गावातला माझ्या मामूंचा नातू रेल्वेच्या नादाला लागला, याला काही प्रमाणात शाळेची सहल कारणीभूत आहे. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लहान रेल्वेचे संग्रहालय आहे. ते १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. तेथे खऱ्यापेक्षा ८७ पट लहान अशा गाड्या एका छोट्या शहरातून धावतात. सिग्नल पडतात, उड्डाणपूल आहेत, रस्त्यावरचे दिवे लागतात. बाकीची मुले दिवे पाहत होती. हा मात्र कठड्याला हनुवटी टेकवून गाडी कोठे हलते, कोठे डुलते, तेच पाहत उभा होता.

पुढे आखाती देशातून आलेल्या एका नातेवाइकाने त्याला रेल्वेचा एक संच आणून दिला. हा संच कोथरूडच्या गाड्यांपेक्षाही लहान, म्हणजे खऱ्यापेक्षा १६० पट लहान. दोन रुळांतले अंतर नऊ मिलिमीटर. एक इंजिन, दोन प्रवासी डबे आणि तीन वाघिणी. (वाघीण म्हणजे मालाचा डबा. इंग्रजी वॅगनला मराठी माणसाने असे रानातले नाव दिले आहे.) मुलाने एक फळी आणली, तिच्यावर रूळ ठोकले, आणि गाडी सुरू केली.

गाडी चालली. पण कशी? खिडकीजवळ आली की थबके. बोटाने ढकलली की पुढे जाई. सांध्यावर, म्हणजे एका रुळाचे दोन रूळ होतात त्या जागी, उडी मारी. शेवटची वाघीण तर दर दोन फेऱ्यांना खाली उतरे. वेग वाढवला की गाडी धावत सुटे, पण हळू चालवायला गेले की जागच्या जागी मरे. मुलगा इंजिन घेऊन पुण्याला गेला. एका दुकानदाराने ते हातात घेऊन पाहिले, न पाहिल्यासारखे केले आणि सांगितले, "मोटर गेली. नवीन इंजिन घे." नव्या इंजिनाची किंमत ऐकून मुलाच्या वडिलांनी निकाल दिला, "दहावीचं वर्ष आहे. कुणी घेणारा भेटला तर देऊन टाक." मुलाने संच खोक्यात भरून ठेवला.

आता मामूंविषयी सांगायला हवे. मामू रेल्वेत होते. आमच्या नात्यागोत्यात त्यांच्याविषयी एवढेच बोलले जाई, 'रेल्वेत होते'. रेल्वेत काय होते, हे कोणी विचारीत नसे आणि घरातलेही सांगत नसत. शाळेच्या अर्जावर आजोबांचा व्यवसाय लिहायची वेळ आली तेव्हा या मुलानेही 'रेल्वेत नोकरी' असे लिहून पुढे जाणे पसंत केले होते. मामू चावीवाले होते. चौतीस वर्षे त्यांनी दौंडच्या बाजूला रूळ तपासण्याचे काम केले. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल आणि हिरवे निशाण, धोका दिसला तर रुळावर ठेवायचे फटाके. रोज आपल्या वाट्याचा टप्पा चालायचा. जाताना एका रुळाकडे पाहत जायचे, येताना दुसऱ्याकडे. सैल झालेली चावी हातोड्याने घट्ट ठोकायची, ढिला बोल्ट आवळायचा. पावसाळ्यात रात्री गस्त. (मुलांनो, गस्त, मुकादम, दुरुस्ती, कारागीर हे शब्द तुम्हाला शिकवावे लागणार नाहीत. कष्टाच्या कामातले कितीतरी शब्द आपल्या दोन्ही भाषांत एकच आहेत.) निवृत्तीनंतर मामू ओसरीवर बसून असत. त्यांना आता दूरचे बरे दिसते, जवळचे धूसर.

खोके कोपऱ्यात पडलेले पाहून त्यांनी नातवाला विचारले, "गाडी कुठं थांबते?"

"खिडकीजवळ, दादा."

"दर खेपेला तिथंच?"

"हो, तिथंच."

"मग इंजिनाला कशाला दोष देतोस? इंजिन बिघडलं असतं तर कुठंही थांबलं असतं. माणसाला रोज एकाच जागी ठेच लागत असेल, तर पाय तपासायचा का रस्ता?"

मी त्या दिवशी कवठ्यातच होतो, म्हणून पुढचे सगळे पाहायला मिळाले. मामूंनी फळी खाली ठेवायला लावली, पलीकडच्या टोकाला विजेरी लावून धरायला सांगितली आणि स्वतः जमिनीवर पालथे पडून रुळाच्या माथ्याशी डोळा नेला. रूळ सरळ आहे का, कोठे खचला आहे का, हे वरून दिसत नाही. रुळाच्या रेषेत डोळा आणून लांबवर पाहिले तरच दिसते. मोठ्या रेल्वेत मुकादम असाच वाकून पाहतो आणि लांब उभ्या असलेल्या माणसांना हाताने खूण करतो. मामूंनी तशीच खूण केली. खिडकीजवळ रूळ खाली बसला होता. पावसाळी दमट हवेने प्लायवूड फुगले होते आणि त्याला बाक आला होता. आम्ही पट्टी लावून मोजले. जेमतेम एक मिलिमीटर.

"एक मिलिमीटरनं काय होतं?" मुलगा म्हणाला.

मी त्याला हिशेब करायला सांगितला. गाडी १६० पट लहान आहे, तर तो एक मिलिमीटर त्या गाडीच्या दृष्टीने किती? १६० मिलिमीटर, म्हणजे सोळा सेंटिमीटर. वीतभराला थोडे कमी. खऱ्या रुळाला एकाएकी एवढा खड्डा पडला तर? मामूंनी कानाला हात लावला.

मोठ्या रेल्वेत रूळ खाली बसला की स्लीपरखाली खडी ठोकून भरतात. येथे खडी म्हणजे जुन्या लग्नपत्रिका. त्यांच्या पट्ट्या कापून, एकेक करून रुळाखाली सरकवल्या. एक सरकवायची, डोळा लावून पाहायचे, पुन्हा एक. दोन दिवस हेच चालले होते. फळीला खालून लाकडी पट्ट्यांची चौकट ठोकली, कडांना रंग लावला, म्हणजे दमटपणा आत शिरायला नको. मग मामूंनी सगळ्या जोडांवरून नख फिरवले. दोन रुळांची टोके जेथे मिळतात तेथे एक टोक किंचित वर असले तर नख अडते. "नखाला अडतं ते चाकाला अडतं," असे म्हणून त्यांनी सात जोड दाखवले. जवळचे धूसर दिसणाऱ्या माणसाने, केवळ बोटांनी. मुलाने बारीक कानशीने ते सपाट केले.

एवढे झाल्यावर वाघिणी उतरेनाशा झाल्या. पण इंजिन मधूनच थबकत होतेच, आणि याचे कारण मामूंच्या अनुभवात बसणारे नव्हते. खऱ्या इंजिनाला अशी अडचण येतच नाही. या गाडीला वीज मिळते ती रुळांतूनच. एक रूळ धन, दुसरा ऋण, दाब बारा व्होल्ट. एका रुळातून वीज चाकात जाते, चाकातून मोटरीत आणि पलीकडच्या चाकातून दुसऱ्या रुळात परतते. रूळ आणि चाक यांच्यामध्ये धुळीचा कण आला की मंडल तुटले.

येथे एक मोठी गंमत आहे. आपण गाडी १६० पट लहान करतो, पण धूळ लहान होत नाही. कवठ्याची धूळ, ती सर्वांना सारखीच. मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा कण आपल्याला दिसतही नाही, पण त्या गाडीपुढे तो आठ मिलिमीटरचा खडा असतो. बरे, खरे इंजिन असला खडा चिरडून पुढे जाते. आपल्याकडे वर्षानुवर्षे धावलेले डब्ल्यूडीएम-२ जातीचे डिझेल इंजिन सुमारे ११३ टनांचे. ते लांबीला १६० पट, रुंदीला १६० पट आणि उंचीला १६० पट लहान केले तर वजन किती राहील? सुमारे साडेसत्तावीस ग्रॅम! दोन-तीन चमचे साखर. ते काय चिरडणार? म्हणून बनवणारे लोक आत धातूचा ठोकळा बसवून वजन वाढवतात आणि शक्य तितक्या चाकांतून वीज घेण्याची सोय करतात. एक चाक धुळीवर असले तरी दुसरी चाके रुळावर असतात. गतीचेही तसेच. खरी गाडी वीज तोडली तरी कितीतरी अंतर आपल्या वजनाने जात राहते. ही मात्र जागच्या जागी थांबते. म्हणून चांगल्या इंजिनात मोटरीच्या दांड्यावर एक जड चाक बसवलेले असते. क्षणभर वीज तुटली तरी ते फिरत राहते आणि गाडीला पलीकडे नेते.

मुलगा रूळ सँडपेपरने घासायला निघाला होता. पुस्तकात वाचून मी त्याला थांबवले. सँडपेपरने रूळ चकचकीत होतो, पण त्यावर बारीक चरे पडतात आणि पुढच्या वेळी धूळ त्या चऱ्यांतच घर करते. औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ सुती कापडावर घेऊन रूळ पुसावेत. चाकेही पुसावीत, कारण काळी राप चाकांवरच जास्त बसते. शिवाय दोन रुळांना जोडणारी पत्र्याची छोटी पट्टी सैल झाली की वीज कमी पोहोचते. त्यासाठी प्रत्येक रुळाला खालून वेगळी तार डाख देऊन जोडली. हे काम मुलाने एकट्याने केले. बोट दोनदा भाजले.

वाघिणींची परीक्षा घ्यायला मामूंनी आरशाचा तुकडा मागितला. काच सपाट असते. वाघीण तिच्यावर ठेवली तर एक चाक अधांतरी! चार पायांचे टेबल जसे डुगडुगते तशी ती डुगडुगत होती. तिपाई मात्र कसल्याही जमिनीवर ठेवा, डुगडुगत नाही. तिचे तिन्ही पाय टेकतातच. परदेशांत अतिशय बारकाईने अशा गाड्या बनवणारे कारागीर हीच युक्ती वापरतात. वाघिणीचा एक आस पक्का ठेवतात आणि दुसरा मधोमध टेकवून त्याला थोडे झुलू देतात. मग चार चाकांची वाघीण तिपाईसारखी वागते आणि प्रत्येक चाक रुळाला धरून चालते. आमच्या मुलाने आगपेटीतल्या काडीचा तुकडा वापरून एका वाघिणीला तसे करून पाहिले, आणि ते जमले. राहिलेल्या दोन वाघिणींत चाकांचेच अंतर कमीजास्त होते. एका आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या कडांमध्ये ठरलेले अंतर असावे लागते. भारतातल्या मोठ्या रेल्वेत दोन रुळांतले अंतर १६७६ मिलिमीटर आणि चाकांच्या आतल्या बाजूंमधले १६००. हे दोन आकडे मामूंनी विचारण्याआधीच सांगितले. चौतीस वर्षांनंतर घरात ते पहिल्यांदा कोणाच्या तरी उपयोगी पडत होते.

सर्वांत चिवट दुखणे सांध्याचे. एक रूळ दुसऱ्याला जेथे ओलांडतो तेथे चाकाची कड जाण्यासाठी फट ठेवावी लागते. मोठ्या रेल्वेत सांध्याजवळच्या रक्षक रुळाची अशी फट ४४ ते ४८ मिलिमीटर असते. १६० पट लहान केली तर मिलिमीटरच्या तिसऱ्या भागापेक्षाही कमी. पण बाजारी संचात ती एक मिलिमीटरच्या आसपास असते, कारण कशाही चाकांची गाडी त्यातून जायला हवी. मग चाक त्या फटीत धपकन पडते आणि गाडी उडी मारते. इंग्लंडमध्ये १९६० पासून टू मिलिमीटर स्केल असोसिएशन नावाची एक संघटना आहे. तिचे सभासद सुमारे १५२ पट लहान गाड्या बनवतात, रुळांतले अंतर ९.४२ मिलिमीटर ठेवतात आणि ही फट अर्ध्या मिलिमीटरवर आणतात. चाकांच्या कडाही तशाच पातळ करतात. ९.४२! तो शेवटचा दोन शतांश मिलिमीटर कोणासाठी, असे मनात येते. पण पाहणाऱ्यासाठी तो नसतोच. तो चाकासाठी असतो.

आमच्याकडे तशी चाके नव्हती आणि जाड कडेची चाके त्या बारीक फटीत शिरत नाहीत. मुलाने मधला मार्ग काढला. रक्षक रुळाच्या आतल्या बाजूला पातळ प्लास्टिकची पट्टी चिकटवून फट शक्य तितकी अरुंद केली, आणि चाकांचे अंतर त्याप्रमाणे नेमके केले. पट्टी तीनदा बदलावी लागली. एकदा फार जाड झाली, एकदा फार पातळ. चौथ्या वेळी इंजिन सांध्यावरून गेले आणि आवाजच आला नाही.

त्याला आता भोर घाट करायचा होता. घाटाचा चढ ३७ ला १ आहे, हे त्याने पाठ करून ठेवले होते. मामू म्हणाले, "आधी सपाटीवर चाल." वळणाचेही तसेच. आपल्या मोठ्या मार्गावर तीव्रात तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर. ती लहान करूनही एक मीटर नऊ सेंटिमीटर होते, आणि फळी खाटेखाली मावायला हवी. त्यामुळे त्याचे वळण २५ सेंटिमीटरचेच राहिले, म्हणजे खऱ्या हिशेबाने ४० मीटर. असल्या वळणावर कोणतीही गाडी धाप टाकणारच. निदान सरळ रूळ एकदम वळू नये, हळूहळू वळत जावा, एवढे मात्र त्याने केले.

सुरळीत चालण्याची परीक्षा वेगाने होत नाही. वेगात दोष झाकले जातात. परीक्षा होते ती हळू चालवताना. खऱ्या ताशी पाच किलोमीटरच्या हिशेबाने ही गाडी सेकंदाला एक सेंटिमीटरसुद्धा जात नाही. मुंगी तिच्या पुढे जाईल. त्या वेगाने एक पूर्ण फेरी न थबकता झाली, तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. सगळे घर फळीभोवती बसले होते. मुलाचे वडीलही. पुण्याच्या दुकानदाराने 'गेली' म्हणून सांगितलेली मोटर तीच होती. संच विकण्याची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी दोघांना केडगाव स्टेशनवर घेऊन गेलो. रुळांवर जायला परवानगी नसते, म्हणून फलाटावरच बसलो. एक मालगाडी लांबच लांब येत होती. मामूंनी डोळे मिटले होते. गाडी सांध्यांवरून जाताना त्यांनी बोट वर केले आणि नातवाला म्हणाले, "ऐक. तिसरा आवाज जड आहे. तिथं खडी कमी आहे." मला तीन आवाज वेगळे ऐकूच आले नाहीत. मुलाला आले असावेत, कारण त्याने मान हलवली. बाकावर शेजारी बसलेल्या गृहस्थांनी कौतुकाने विचारले, "बाबा इंजिन ड्रायव्हर होते का?"

"नाही," मुलगा म्हणाला, "चावीवाले होते. ह्याच लाइनवर."

घरी आल्यापासून आजोबा-नातवाचा एक नवाच वाद चालू आहे. मोठ्या मार्गांवर आता रूळ एकमेकांना वितळवून जोडतात, जोडात फट ठेवतच नाहीत, म्हणून पूर्वीची ती खटखटही ऐकू येत नाही. मुलाचे म्हणणे, आपणही सगळे जोड डाख देऊन बंद करू, वीज चांगली जाईल. मामूंचे म्हणणे, फट पाहिजेच. मी हिशेब करून दिला. एक मीटर रूळ वीस अंशांनी तापला तर जेमतेम मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढा वाढतो; खालची फळी दमट हवेत त्याहून अधिक हलते. माझा हिशेब दोघांनीही आपापल्या बाजूचा म्हणून धरून ठेवला आहे. अर्ध्या जोडांना डाख दिला आहे आणि अर्धे उघडे आहेत. मे महिन्यात पाहू, असे ठरले आहे.